चमचा पडल्याचा आवाज

...नाही, माईक बंदच करा, संजयभाऊ. आणि डोक्यावरची ती ट्यूबलाइट लावा. मी खाली येते. फोटोच्या शेजारी, इथं उजेडात उभी राहते.

रघूआप्पा, दिसतंय का माझं तोंड?

"दिसतंय, पण ओरडू नका," म्हणतात. बरं.

मागच्या मंडळींनी पुढं सरकून बसावं. माईकशिवाय माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचणार नाही, शिवाय भिंतीपलीकडं लूम चालू आहेत. पण पहिल्या तीन रांगांत लूमवरची माणसं बसली आहेत. नथूनानांबरोबर ज्यांनी पाळ्या केल्या, ती माणसं. कान त्यांचे कारखान्यातच राहिले. ती तोंड बघून ऐकतात. माईकनं तोंड झाकलं जातं. हे मला नानांनी शिकवलं.

तुम्ही एवढे सगळे आलात. कोणी पाळी सोडून आलंय, कोणी पाळीवरून थेट आलंय, कपड्यांवर अजून धाग्यांचा भुसा आहे. मला शोकसभेत बोलता येत नाही. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मी रोज पाच तास बोलते, पण तिथं समोरच्यांना उत्तर माहीत नसतं. इथं उलट आहे. नानांना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. एकच गोष्ट अशी आहे, जी मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही. ती नानांनाही माहीत होती. त्यांनी कोणालाही सांगितली नाही. आज ते जाऊन दहा दिवस झाले. आता ती मला सांगायला हवी.

आणखी एक सांगायचं आहे. नानांची नात पायल दहा दिवस शाळेत गेलेली नाही. ती त्या खांबापाशी बसली आहे. ती आता शाळेत जाणार नाही, असं घरात बोलणं चाललंय. मी त्याबद्दलही बोलणार आहे. संजयभाऊ, तुम्ही तिचे वडील, रागावू नका. म्हणजे, रागवा, पण शेवटपर्यंत बघा.

नानांचा एक शब्द होता. तुम्ही सगळ्यांनी तो ऐकलाय. काबर? का म्हणून?

टेलरला विचारायचे, रसवाल्याला विचारायचे, लूमच्या शेठला विचारायचे. वर्षानुवर्षं इथं गुजराती मुलखात राहूनही अहिराणीतच विचारायचे. काबर? आपल्या गल्लीत पाणी सकाळी अर्धाच तास काबर? रेल्वेच्या पुलापलीकडच्या झाडांना पाण्याची आळी आहेत, आपल्याकडच्यांना नाहीत, काबर? त्यात तक्रार नसायची. तक्रार करणारा माणूस उत्तर आधीच ठरवून येतो. नाना खरंच विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत तुमच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. लोक वैतागायचे. मीही वैतागले आहे.

माझी त्यांची ओळख अशी झाली. आमच्या शाळेत वर्षातून एक दिवस पालकांना वर्गात बसवतात. पायल तेव्हा सहावीत होती. तिच्याकडून नाना आले. पायल शेवटच्या बाकावर बसायची, नाना तिच्या शेजारी जाऊन बसले. मी भूगोल शिकवला. तापी कुठून निघते, कुठून वाहते. तुमच्याच खानदेशातून ती इकडं येते, म्हणून मला वाटलं पालकांना आवडेल.

तास संपला. सगळे गेले. नाना थांबले.

म्हणाले, "बाई, ती ऐकस नही. ती दखस."

ती ऐकत नाही, ती बघते.

मी म्हटलं, "तेच तर नाना. लक्ष नसतं तिचं."

"तसं नाही. तुम्ही फळ्याकडं वळून बोलता. तुम्ही वळलात की मला बघायला काही उरत नाही, म्हणून मी वहीत बघत होतो. शेजारी पाहिलं, तर ही पण वहीत. तुम्ही परत वळलात, आम्ही दोघं वर. तुम्ही तिकडं, आम्ही खाली. चार वेळा झालं."

मी म्हटलं, "नात तुमचीच आहे. तुमचं बघून सवय लागली असेल."

"मला सवय लूमनं लावली. तिला काबर लागली? ती तर लूमवर कधी आली नाही."

मी घड्याळ पाहिलं. नाना म्हणाले, "वही तोंडापुढं धरा आणि तिचं नाव घ्या."

पायल दारात उभी होती. मी वही धरली आणि म्हटलं, पायल. चांगलं मोठ्यानं म्हटलं. ती वहीकडं बघत राहिली. वही खाली यायची वाट बघत होती.

मंडळी, मुलगी अकरा वर्षांची होती. घरात आई, वडील, आजोबा. कोणालाच कसं कळलं नाही? मला पहिल्यांदा राग आला तो तुमच्या घरावर, संजयभाऊ. मी तसं म्हणालेही. नाना म्हणाले, "चला, बघा."

मी बघायला गेले. तुमच्या घरात कोणी कोणाला पाठीमागून हाक मारत नाही. मारून उपयोग नसतो. आधी खांद्याला हात लावायचा, समोर यायचं, तोंड पूर्ण उघडायचं, आणि मग बोलायचं. चहा हवा का, एवढं विचारायलासुद्धा. अशा घरात जे मूल ऐकू न येता जन्मभर वावरेल, त्याला काय अडचण येईल? काहीच नाही. उलट पायलला नानांपेक्षा आणि वडिलांपेक्षा जरा जास्तच ऐकू यायचं. त्या घरात आई सोडली तर सगळ्यात चांगले कान तिचेच होते.

आप्पा हसतायत. हसा. नानाही हसले होते. नंतर बराच वेळ हसले नव्हते.

आधी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कान पाहिले आणि मशीनवरच्या तपासणीसाठी चिठ्ठी देऊन पुलापलीकडं, वेसूकडच्या कानांच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पायल, नाना आणि मी. बस आपल्या इकडून निघाली, रेल्वेचा पूल ओलांडला, पुढं रस्ते रुंद झाले. नाना खिडकीबाहेर बघत नव्हते. बसमध्ये चढणाऱ्या माणसांची तोंडं बघत होते.

म्हणाले, "बाई, पूल ओलांडला की माणसं तोंड कमी उघडतात."

मी कधी पाहिलं नव्हतं. मग पाहिलं. खरं होतं. आपल्या थांब्यांवर चढणारी माणसं दाढ दिसेल इतकं तोंड उघडत होती. तिकडं चढणारी ओठ हलवत होती, एवढंच.

"काबर?"

मी म्हटलं, "तिकडं आवाज कमी असेल."

"म्हणजे आधी आवाज कमी झाला, मग तोंड मिटलं? का तोंडं मिटली म्हणून आवाज कमी झाला?"

पायल म्हणाली, "आजोबा, तुम्ही गप्प बसा, सगळे बघतायत." तिचाही आवाज गाडी थांबेल एवढा. त्यामुळं खरंच सगळे बघायला लागले.

दवाखान्यात गुळगुळीत फरशी होती, पडदे होते. नानांनी पडदा चिमटीत धरून पाहिला. म्हणाले, "कापड आपल्याकडचंच." आणि तिथं आमचा नंबर हुकला. कारण नाव पुकारणाऱ्या बाई तोंडावर मास्क लावून पुकारत होत्या. कानांच्या दवाखान्यात. नानांनी जाऊन त्यांना विचारलंच, काबर? त्या बिचाऱ्या ओशाळल्या. पुढं दर वेळी मास्क खाली करून पुकारायला लागल्या. एवढं नानांनी त्या दवाखान्यासाठी केलं.

आम्ही पुन्हा बसलो. शेजारी एक तरुण जोडपं होतं. मांडीवर वर्षाचा मुलगा. नानांनी त्यांना विचारलं, याला काय झालं? वडिलांनी गुजरातीत सांगितलं. स्वयंपाकघरात चमचा पडला आणि याने मागं वळून पाहिलं नाही. मग त्यांनी आणखी एकदा मुद्दाम पाडला. तरी वळला नाही. म्हणून आणलं.

नानांनी मान हलवली.

पायलच्या तपासणीत निघालं की दोन्ही कान पुष्कळ गेलेले. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी कान वाहायचे का? नाना म्हणाले, "वाहायचे. आमच्या गल्लीत सगळ्याच पोरांचे वाहतात. तेल घालतो." डॉक्टर बाई लिहिता लिहिता थांबल्या. सर्दी मुरते, ओल्या खोलीत दहा माणसं, कानात पू होतो, पडदा जातो, वेळेवर औषध मिळालं तर वाचतो, असं त्यांनी नीट समजावलं. नानांकडं तोंड करून समजावलं. चांगल्या होत्या.

परतीच्या बसमध्ये नाना म्हणाले, "बाई, त्यांच्या घरात चमचा पडला तर ऐकू येतो."

"हो."

"म्हणून त्यांना पोरगा एक वर्षाचा असताना कळलं. आपली अकरा वर्षांची. आपल्या गल्लीत चमचा पडला तर कोणाला ऐकू येईल?"

मी म्हटलं, "कोणालाच नाही, नाना."

लूम, लूम आणि लूम. भिंत कोणाची ते सांगता येत नाही, इकडं घर आणि तिकडं मशीन. चमचाच काय, पातेल्यांची मांडणी पडली तरी शेजारणीला कळत नाही. आणि कानाचं दुखणं घेऊन दवाखान्यात जायचं, तर मशीन बंद. विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी आहे. मशीन बंद म्हणजे मीटर बंद. आजारी कोणी पडायचं आणि कधी पडायचं, हेही मीटर ठरवतो.

एकच शहर आहे, मंडळी. एकच बस जाते. शहर वाढतंय, असं मी मुलांना शिकवते. पुस्तकात आहे. नानांनी एकदा विचारलं होतं, "वाढलं म्हणजे कुठून कुठपर्यंत?" मी त्यांना नकाशा दाखवला. ते म्हणाले, "हे लांबीचं झालं. मी दुसरं विचारतोय." त्या दिवशी बसमध्ये मला कळलं ते काय विचारत होते. चमचा पडण्यात आणि माणसाने मागं वळण्यात किती वेळ जातो. तिकडं एक वर्ष. इकडं अकरा.

त्यानंतरचे नाना तुम्हाला माहीत आहेत. खिशात स्टीलचा चमचा. दुसऱ्या खिशात गुळाचा खडा.

दिवसा लाइट गेली की गल्लीतले लोक वारा घ्यायला बाहेर यायचे, नाना चमचा घेऊन बाहेर यायचे. लूम खरंच थांबले का, हे त्यांना ऐकू यायचं नाही. ते भिंतीवर तळहात ठेवायचे. भिंत थरथरायची थांबली की निघायचे. ज्या घरी लहान मूल, त्या घरी. मुलाच्या मागं उभं राहायचं, चमचा फरशीवर सोडायचा, आणि मुलाच्या डोळ्यांकडं बघायचं. स्वतःला त्या चमच्याचा आवाज येत नव्हता. तो मुलाच्या डोळ्यांत दिसतो का, ते बघायचे.

बायका म्हणायच्या, "आले चमचेवाले." एक जण म्हणाली, "नाना, नुसता काय आपटता, पोराला काही भरवा तरी." नाना म्हणाले, "आधी वळू दे, मग गूळ." वळलेल्या प्रत्येक मुलाला गूळ मिळाला आहे. न वळलेल्यालाही मिळायचा, पण मग दुपारी नाना माझ्या शाळेच्या फाटकात येऊन उभे राहायचे. असे ते तीनदा आले. ती तीन मुलं आज इथं आहेत. नावं घेत नाही. त्यातलं एक तर आत्ता मागं रडतंय. त्याला रडू द्या, ताई. बाहेर नेऊ नका. पहिल्या तीन रांगांची काही हरकत नाही.

आता ती गोष्ट, जी मला सांगायची आहे.

पायल पाचवीपासून माझ्या वर्गात होती. तिच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, वर्गात लक्ष नसते. पुढच्या सत्रात लिहिलं, विचारले असता उद्धटपणे तोंडाकडे पाहत राहते. ते अक्षर माझं आहे. सुंदर आहे. पहिल्या बाकावर बसायची ती. उत्तर देत नाही म्हणून मी तिला मधल्या बाकावर पाठवलं. तरी देईना, म्हणून शेवटच्या. जिला जवळून दिसायला हवं होतं, तिला मी दोन वर्षांत भिंतीपर्यंत नेलं.

ती माझ्या तोंडाकडं बघत होती, हे मला दिसत होतं. मी लिहूनसुद्धा ठेवलं. काबर बघते, हे मी विचारलं नाही. शिकलेली मी आहे. प्रश्न विचारला तो चौथी शिकलेल्या माणसानं.

नानांनी ते पुस्तक वाचलं होतं. मी म्हटलं, नाना, द्या इकडं, मी ते पान बदलते. म्हणाले, "राहू द्या. पान बदललं तर तुम्ही विसराल." आणि घरी कोणाला दाखवलं नाही. संजयभाऊ, पायलच्या आई, तुम्ही मला दिवाळीचा फराळ पाठवत होता आणि ते पान तुमच्याच कपाटात होतं. मला तुमच्यापुढं, सगळ्यांपुढं हे सांगायचं होतं. माझं चुकलं. पायल, तुलाही सांगते. माझं चुकलं.

ती म्हणते, माहितीये. तिनं वाचलं होतं. बघा.

आता थोडंच राहिलंय.

आमची शाळा आठवीपर्यंत. नववीसाठी पायल पुलापलीकडं जाते. कानाला मशीन आहे, पण रस्त्यावर ते सगळे आवाज एकत्र करून डोक्यात घालतं, म्हणून ती ते शाळेच्या फाटकात लावते. म्हणजे रस्ता ती बिनकानाची चालते. रोज सकाळी नाना बरोबर असायचे. रघूआप्पा त्यांना चिडवायचे, "दोन बहिरे एकमेकांना रस्ता ओलांडून देतायत." पण त्यांची रीत होती. ती पुढचं बघायची. नाना अर्धे वळून मागचं बघत चालायचे. मागून गाडी आली की तिच्या खांद्याला हात. मान दुखायची त्यांची. पण एक दिवस चुकवला नाही.

संजयभाऊ परवा मला म्हणाले, "बाई, मागून टेम्पो आला तर? मी बारा तास मशीनवर. तिची आई साड्यांवर टिकल्या लावते तेव्हा चूल पेटते. मागचं कोण बघणार?" ते बरोबर म्हणतात. मी त्यावर भाषण देऊ शकत नाही. मी एक-दोन दिवस जाईन, महिनाभरही जाईन. वर्षभर नाही जाणार. मी मला ओळखते.

पायलही आता आईबरोबर टिकल्या चिकटवते. हात चांगला बसलाय तिचा. मी तिला काल विचारलं, तुला काय वाटतं? मला वाटलं, म्हणेल शिकायचंय, मोठं व्हायचंय. तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, "त्या दिवशी सरांनी त्रिकोणाची सिद्धता अर्धीच केली होती. पुढं काय झालं?"

पुढं काय झालं. तिला एवढंच हवंय. नात कोणाची आहे, कळतं.

मी रात्रपाळीवाल्यांना एक विचारते. आप्पा, इकडं बघा. तुमची पाळी सकाळी सातला सुटते. तुम्ही सगळे पुलावरून घराकडं येता. पायल सातलाच पुलावरून शाळेकडं जाते. म्हणजे तुम्ही तिच्या समोरून येता.

तिच्या मागचं तुम्हाला दिसतं.

कारखान्यात लूमवरचं शटल, तो जड धोटा, उडालं की ते मागून येतं. ओरडून उपयोग नसतो. तेव्हा समोरचा माणूस हात वर करतो आणि असा बाजूला झटकतो. बघा, मला येतो, नानांनी शिकवलाय. शटल उडालं, बाजूला हो. आप्पा, तुमच्या कपाळावरचा तो व्रण अर्धा इंच खाली, डोळ्यात नाही, तो नानांनी हात वर केला म्हणून. तुम्हीच सांगितलं होतं. पायललाही हाताची ती खूण येते. घरातच शिकली.

मला फार काही मागायचं नाही. थांबायचं नाही, वाट वाकडी करायची नाही. तुम्ही दमून घरी येता, तसेच या. फक्त ती दिसली की तिच्या मागं बघा. एवढंच मला विचारायचं आहे. उत्तर इथं देऊ नका. इथं सगळेच हो म्हणतील.

संजयभाऊ, निर्णय तुमचा आहे.

आता शेवट. अशा सभेत दोन मिनिटं शांतता पाळतात. नानांना त्याचं नवल वाटायचं. मला म्हणाले होते, "बाई, तुम्ही लोक दोन मिनिटं शांत राहता आणि लगेच घड्याळ बघता. काबर?" शिवाय पलीकडचे लूम थांबणार नाहीत, त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मागचं बाळ थांबणार नाही. तेव्हा आवाजाचं राहू द्या. आपण नुसते ओठ मिटू. कोणाचंही तोंड हलायला नको. नानांना शांतता एवढीच कळायची. सगळ्यांची तोंडं मिटलेली, आणि सगळे एकमेकांकडं बघतायत.

मी फोटोकडं वळत नाही. वळले तर तुम्हाला माझं तोंड दिसणार नाही. इथूनच, तुमच्याकडं बघत, त्यांना नमस्कार करते.

ओठ मिटूया.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पायल पुलावरून शाळेत गेली. संजयभाऊ पाळीला उशीर करून पुलाच्या अलीकडं उभे होते. रघूआप्पा समोरून येत होते. त्यांनी हात वर करून बाजूला झटकला. पायल कठड्याकडं सरकली. टेम्पो पुढं गेला.